वाचता येणारा शिक्का

लोटन आप्पांच्या हातात कुणी पत्र दिलं तर ते आधी वाचत नसत. पाकीट उजेडाकडे धरत, खिशातलं भिंग काढत आणि तिकिटावरचा शिक्का पाहत. पुतणीच्या साखरपुड्याचं बोलावणं आलं तेव्हाही त्यांनी हेच केलं. पाकीट घेऊन आलेला पुतणीचा बाप, त्यांचा भाऊ, समोरच बसलेला होता.

"शिक्का सोमवारना शे, आज शुक्कर. इतला दिन हाई पाकीट कोठे व्हतं?"

"मन्हा खिसामा, आप्पा. पोस्टमन माले दी ग्या."

एवढं ऐकल्यावर आप्पांनी पत्र उघडलं. तारीख मात्र त्यांनी भावाला तोंडी पुन्हा विचारून घेतली.

ते धानोऱ्याचे पाटील. शेती भावांनी पाहिली, आप्पा पोस्टात गेले. नंदुरबारला छत्तीस वर्षं त्यांनी मुख्यतः एकच काम केलं, टपालावर शिक्के मारणं. त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा उतरलेला होता. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. निवृत्तीनंतर ते तिथे जगाचा नकाशा मागायला आले, ती आमची पहिली भेट. मी नकाशासंग्रह दिला, तर त्यांनी आधी त्याची पानं मोजली. "एखादं पान कोनी फाडेल तर नही ना?" असं म्हणून माझ्याकडे बघितलं, जणू फाडणारा मीच. मग पॅसिफिक महासागराचं पान काढून ते दुपारभर तिथेच बसले.

त्यांचा छंद तिकिटांचा, पण फक्त छोट्या बेट-देशांच्या तिकिटांचा, आणि त्यातही वापरलेल्या. नौरू, टोंगा, तुवालू. इतके लहान देशच का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मोठा देश खोटं बोलना तर चार जन पकडतीन. समुद्रमा इतलासा देश, त्याना नावावर कोनी खोटं बोलना तर कोन देखाले जास?"

त्यांची शंका निराधार नव्हती. अशा देशांची किती तरी तिकिटं कधी पत्रावर चिकटतच नाहीत. छापून झाली की गठ्ठ्यानेच कोपऱ्यात शिक्का मारून विकली जातात. ती ओळखणं सोपं, कारण मागचा डिंक शाबूत असतो. याहून वाईट म्हणजे बनवलेले शिक्के. कोऱ्या तिकिटापेक्षा त्या बेटावरून खरोखर प्रवास करून आलेलं तिकीट दुर्मिळ, म्हणून घरी बसून कुणी तरी शिक्का उठवतो. आप्पा तीन गोष्टी पाहत. शिक्क्याची तारीख तिकीट निघण्याच्या आधीची तर नाही? शिक्का तिकिटावरून पाकिटावर उतरला आहे, की तिकिटाच्या कडेलाच थांबला आहे? शाई कागदात मुरली आहे, की वर चकाकते? या तिन्हींतून सुटलेल्यांसाठी त्यांची स्वतःची चौथी कसोटी होती.

"जो शिक्का सगळा वाचता येस, त्यावर भरोसा ठेवू नको, भाऊ. खरा शिक्का घाईमा मारेल ऱ्हास. अर्धा उठस, अर्धा पुसाई जास. इतला सुंदर शिक्का माराले टाइम कोनले शे?"

याच कसोटीवर त्यांनी पारसमल शेठचं पाकीट खोटं ठरवलं.

पारसमल शेठ यांचं बाजारात भांड्यांचं दुकान. घराणं राजस्थानातलं, पण शेठ जन्मले इथेच, अहिराणीतच भांडायचे. तिकिटांचा नाद दोघांना एकाच वयात लागलेला. रविवारी दुकानाच्या मागच्या खोलीत पातेल्यांच्या चळतींमध्ये आम्ही चार-पाच जण जमत असू. एका रविवारी शेठनी तुवालूच्या एका टोकाच्या बेटावरून आलेलं पाकीट दाखवलं. सुरतच्या मित्राशी अदलाबदल करून मिळवलेलं. त्यासाठी त्यांनी लहानपणापासून जमवलेला एक पूर्ण संच दिला होता. शिक्का गोल होता. बेटाचं नाव, तारीख, सगळं स्वच्छ.

आप्पांनी बराच वेळ पाहिलं. भिंग खाली ठेवून म्हणाले, "शेठ, हाई पोस्टमा मारेल नही. कोनी तरी टेबलवर बठीसन मारेल शे."

"तारीख बरोबर शे. शाई बरोबर शे. मंग?"

"भलताच साफ शे."

"लोटन, तू तठे गयथा का?"

"मी छत्तीस वरीस शिक्का मारात."

"मंग मारत बस!" शेठ उठले आणि त्यांनी पाकीट आत नेलं. त्यानंतर रविवार बंद झाले. आठ वर्षं दोघं बोलले नाहीत. वाटेत शेठ दिसले की आप्पा पुटपुटत, "सुरतवाला फसाई ग्या त्याले, आनि राग मन्हावर." पण ते म्हणताना त्यांचा चेहरा पडलेला असे. शेठशिवाय त्यांना मित्र नव्हता.

मागच्या हिवाळ्यात मला नर्मदेकाठच्या एका शाळेला पुस्तकांची खोकी पोचवायची होती. मणिबेलीच्याही पुढे, धरणाच्या पाण्यातून बोटीने जावं लागतं. आप्पा सोबत आले. नवीन गावी गेलं की तिथून स्वतःलाच एक पोस्टकार्ड टाकायचं, ही त्यांची रीत. प्रत्येक पोस्टाचा शिक्का त्यांना नमुना म्हणून हवा असे.

जुनं गाव पाण्यात गेलं होतं. टेकडीवर नवी वस्ती, आणि एका खोलीत पोस्ट. पोस्टमास्तर म्हणजे वसावे ताई, तिशीतल्या. आप्पांनी कार्ड दिलं आणि सवयीने निरखत उभे राहिले. ताईंनी शिक्का फडक्याने पुसला. आधी वर्तमानपत्राच्या तुकड्यावर उठवून पाहिला. तारखेचा एक आकडा तिरका वाटला, तो काडीने सरळ केला. मग कार्ड रबरावर ठेवून शिक्का दाबला, क्षणभर धरला आणि अलगद उचलला.

"ताई, इतलं सावकाश?" आप्पांचा आवाज संशयाचाच होता.

"दिवसाला दोन-तीन पत्रं असतात, बाबा. घाई कशाची?" त्या शाळेतल्या मराठीत म्हणाल्या. "आणि आमचं गाव तर पाण्याखाली गेलं. नाव निदान शिक्क्यात तरी नीट दिसू दे."

परतीची बोट निघाली. वाळलेल्या झाडांचे शेंडे पाण्यातून वर आलेले, त्यांच्याकडे आप्पा पाहत बसले होते. मग म्हणाले, "भाऊ, त्या तुवालूना बेटवर रोज किती पत्रं येत व्हतीन?"

"दोन-तीन असतील."

"मंग तठला मास्तर कसाले घाई करीन?"

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन दुकानात गेले. शेठ गल्ल्यावर होते. त्यांनी मान वर केली नाही.

"शेठ, ते पाकीट काढ."

"कसाले? अजून एकदाव खोटं सांगाले?"

"काढ तर खरं."

शेठनी कपाटातून पाकीट काढून पुढे टाकलं. आप्पांनी ते उलटलं आणि तसेच थांबले. मागच्या बाजूला बॉलपेनने, शेठच्या अक्षरात लिहिलं होतं: 'हाई खोटं शे. लोटननी सांगेल शे.'

"तू लिहेल?"

"मंग? उद्या मी मरसू. पोऱ्या कोनले तरी खरं सांगीसन देई टाकतीन," शेठ म्हणाले. "तुन्हावर राग व्हता. पन तुन्हं सांगेल खोटं थोडंच ऱ्हास!"

आठ वर्षं आप्पांना वाटत होतं की शेठनी आपलं ऐकलं नाही. त्यांनी माझा पेन मागितला. त्या ओळीखाली त्यांनी लिहिलं: 'खरं शे. चूक मन्ही. लोटन.'

शेठनी ते वाचलं, आप्पांकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. "नक्की ना? का नंतर शक येनार शे?"

"येनार शे," आप्पा म्हणाले, "पन मन्हावर."

श्रावणात आप्पा गेले. त्यांची कार्डं घरच्यांनी मला दिली. शेकडो गावांचे पुसट, अर्धवट, घाईतले शिक्के, आणि सगळ्यात वर वसावे ताईंचं कार्ड. त्यावरचं गावाचं नाव भिंगाशिवाय वाचता येतं. तरी मी भिंग लावून पाहतोच.

रविवार पुन्हा सुरू झाले आहेत. शेठच्या अल्बममध्ये तुवालूचं ते पाकीट परत लागलं आहे, पण उलटं. तिकीट आणि शिक्का आतल्या बाजूला, पेनाच्या दोन ओळी बाहेर. गेल्या रविवारी एका नवीन माणसाने विचारलं, "शेठ, हे उलटं लागलंय का?"

"नही," शेठ म्हणाले. "सरळच शे."