बोकडांची मॅडम

मी जनावरांची डॉक्टर. कल्याणच्या आसपास वीस वर्षं बकऱ्या बघतेय, त्यातही बोकड जास्त. आपला बोकड कामाला येत नाही हे बाईमाणसाला सांगताना भल्याभल्यांची जीभ अडखळते, आणि माझ्याकडे एक किस्सा वाढतो. असे इतके साठलेत, पण घरी जेवताना सांगायची सोय नाही!

शीळफाट्याजवळच्या एकाचा बोकड बकऱ्यांकडे ढुंकून बघेना. जाऊन पाहिलं, तर तो बारा महिने त्यांच्यातच बांधलेला. मी म्हटलं, पंधरा दिवस लांब ठेवा, तोंडही दिसू देऊ नका. मागून त्याची बायको शांतपणे म्हणाली, "मॅडम, ह्यांनाही पाठवू का पंधरा दिवस गावी?"

कोपरीच्या एका रिटायर्ड मास्तरांनी टिटवाळ्याकडे जागा घेऊन बकऱ्या पाळल्या. बोकड भारी लाडका, रोज चपाती, गूळ, शेंगदाणे. इतका सुटला की दोन पावलांत धापा टाकायचा. मी खुराक तोडला, रोज तासभर फिरवायला सांगितलं. महिन्याने मास्तरांचा फोन आला, "त्याचं जेमतेमच आहे हो. माझी शुगर मात्र नॉर्मल आली!"

आणि आंबिवलीचा संदेश. लग्नाला सहा वर्षं झालेली, मूल नव्हतं. त्याची बायको सुगंधा तपासण्या, नवस, उपास करून थकलेली. त्यात घरच्या चार बकऱ्या बोकड दाखवूनही गाभण राहीनात. सासूने त्या वांझ ठरवल्या आणि खाटकाला द्यायचं नक्की केलं. वांझ हा शब्द त्या घरात फक्त बकऱ्यांसाठी नव्हता. सुगंधाने पहिल्यांदाच सासूला न विचारता मला फोन केला. मला त्या पोरीचं फार वाईट वाटलं.

मी बकऱ्यांना हात लावायच्या आधी बोकड तपासला. उन्हाळाभर पत्र्याच्या शेडखाली भाजून निघालेला. उन्हाने बोकडाचं बी खराब होतं, वरून तो धडधाकटच दिसतो, असं मी सगळ्यांसमोर सांगितलं. त्याला झाडाच्या सावलीत बांधा आणि दोन महिने थांबा, म्हटलं. सुगंधा बकरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

पावसाळा सरता सरता चारही गाभण राहिल्या. संदेश पेढे घेऊन दवाखान्यात आला. पेढे दिले, तरी निघेना. मी विचारलं, काय रे?

तो खाली बघूनच म्हणाला, "मॅडम, सहा वर्षं आम्ही तिलाच तपासत आलेलो. माणसांत पण आधी बोकड बघतात का?"