कावीळ आणि समोरची बाई

डोंबिवलीला आम्ही चाळीत बिऱ्हाड केलं तेव्हा समोरच्या खोलीतली बाई मला आवडत नव्हती, आणि तिलाही मी. पण तिचा मुलगा आणि माझी मुलगी, दोघं तीन-साडेतीन वर्षांची, दिवसभर एकत्र खेळत. त्यांना आमच्याशी देणंघेणं नव्हतं.

त्या पावसाळ्यानंतर मुलीला उलट्या सुरू झाल्या. मग लघवी गडद चहासारखी झाली, शौच शाडूसारखं पांढुरकं, आणि एका सकाळी उजेडात पाहिलं तर डोळे पिवळेजर्द. दुपारी मी चाळीच्या विहिरीवर गेले तर समोरची बाई रहाटापाशी उभी होती.

"तुमचा पोहरा इथे टाकायचा नाही," ती म्हणाली. "आमचीही पोरं आहेत."

बाकीच्या बायका कपडे धूत राहिल्या. एकीनेही मान वर केली नाही. आमच्या ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, भांडण नको. म्हणून मी रुळांपलीकडे, ठाकुर्लीच्या वाटेवर, एका शेतकऱ्याच्या विहिरीवरून पाणी आणू लागले. दर खेपेला त्या बाईला मनातल्या मनात शिव्या देत असे.

आठवडाभरात तिच्या मुलाचे डोळे पिवळे झाले. मग त्याच बायकांनी तिलाही रहाटापासून हटकलं. तीही शेतकऱ्याच्या विहिरीवर येऊ लागली. एकाच पायवाटेने आम्ही जायचो, ती पुढे, मी मागे.

कल्याणच्या डॉक्टरांकडे मात्र एकदा समोरासमोर आलो. त्यांनी दोन्ही मुलांची पोटं दाबून पाहिली, यकृत सुजल्याचं सांगितलं. तिने माझ्याकडे बोट केलं आणि विचारलं, "हिच्या पोरीमुळेच झालं ना?"

डॉक्टर चिडले. "बाई, कोणामुळे ते मला ठाऊक नाही. हा बहुधा व्हायरस आहे. आमच्या सूक्ष्मदर्शकातही दिसत नाही इतका बारीक. दोघांना एकाच पाण्यातून लागला असेल, एखाद्या खाण्यातून असेल. हिची कावीळ आधी दिसली, एवढंच." त्याच विहिरीचं पाणी पिणाऱ्या इतर पोरांना काही कसं झालं नाही, तेही त्यांना सांगता येईना.

माझी मुलगी हळूहळू भात मागू लागली. तिचा मुलगा मात्र सारखा झोपू लागला. उठवलं की आईला ओळखेना, तिच्या हाताला चावला. ठाण्याच्या इस्पितळात नेलं. तिथून तो परत आला नाही.

काही दिवसांनी ती आमच्या दारात येऊन उभी राहिली. मुलगी आत पाटावर बसून जेवत होती. तिच्याकडे बराच वेळ बघून ती म्हणाली, "तुमची राहिली."

तो शाप होता की नुसतं दुःख, मला कळलं नाही. मी दार लावून घेतलं. आमचे हे त्यांच्याकडे भेटायला जाऊन आले, मी गेले नाही. पोर गेलं याचं वाईट वाटलं, खूप वाटलं. तिच्याबद्दल मात्र काहीच वाटलं नाही, आणि आजही वाटत नाही.

वर्ष संपायच्या आत आम्ही कल्याणला बिऱ्हाड हलवलं. त्या दिवशी समोरचं दार बंदच होतं.