वॉल्टरला विचारतात

जुलैचा उकाडा सकाळी आठलाच डेव्हन ॲव्हेन्यूवर येऊन बसला होता. लेकवरून वारा निघतो म्हणतात, पण इथवर पोचेस्तोवर त्याचा दम उखडतो. मीनाक्षीकाकूंना मात्र ऊन हवंच होतं. मिठाईच्या दुकानावरच्या फ्लॅटला मागं लाकडी पोर्च होता. तिथं जुन्या चादरीवर त्या सांडगी मिरची मांडत होत्या. पोट चिरून मेथी-मीठ-जिरं भरलेली, ताकात मुरलेली एकेक मिरची देठाला धरून ठेवायची. खारी हाकलायला शेजारी झाडू.

काकू अकोल्याच्या. साडेपाच वर्षांपूर्वी, उत्तरा व्हायच्या वेळी, थोरल्या गिरीशनं त्यांना इकडं आणलं. सून प्रतिमा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, गिरीश इंजिनीअर. दिवसभर घरात काकू आणि तान्ही नात. नात झोपली की टीव्ही. तेव्हा गावातल्या बेसबॉल टीमच्या मैदानावर दिवेच नव्हते, त्यामुळे घरचे सामने भर दुपारी. इंग्रजीचं अडत नव्हतं. एका दुपारी काकूंना तो दिसला : फलंदाजाच्या मागं उकिडवा बसून बॉल झेलणारा, वॉल्टर. उठताना त्यानं गुडघ्यावर हात दाबला आणि तोंड वाकडं केलं.

"याचे बी गुडघे गेले बाप्पा," काकू नातीला म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून ती टीम त्यांची झाली.

रविवारी गाडीनं सहा तासांवरच्या डब्लिनहून धाकट्या कुमारचा फोन आला होता. विनीताला सप्टेंबरात बाळ होणार, आई लवकर आली तर बरं. गिरीशनं पोळी चावता चावता सांगून टाकलं, एकतीसला आणून सोडतो. कुमार म्हणाला, सध्या दिवाळीपर्यंत ठेवून घेतो, पुढचं पुढं बघू. फोन ठेवून गिरीशनं भात मागितला. काकूंनी वाढला. चार दिवस झाले, त्या यावर अक्षर बोलल्या नव्हत्या. कुमारकडं जायला त्यांची ना नव्हती. पण ज्या घरात पाच वर्षं उठल्याबरोबर दूध तापवलं, तिथून आपण निघायचं हे आपल्याला वाढता वाढता कळावं?

तीनला प्रतिमा आली. ती पुण्याची, बेसबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नसे. पण कामावरून आली की पोर्चवर चहा घेत सासूला पेपरातलं खेळाचं पान मराठीत वाचून दाखवायची. आज पहिलीच बातमी वॉल्टरची. पश्चिमेकडची एक टीम त्याला मागत होती, बदल्यात दोन तरणे बॉल फेकणारे देणार होती. असल्या अदलाबदलीला महिनाअखेरपर्यंतच मुदत. शिवाय वॉल्टरच्या करारात पुढच्या वर्षाचं ऑप्शन होतं : तो ज्यांच्याकडं असेल, त्यांना वाटलं तर ठेवतील, नाहीतर थोडे पैसे हातावर ठेवून मोकळा करतील.

काकूंनी मिरची उलटली. ते दोघं कसे फेकतात, विचारलं. प्रतिमानं आकडे वाचले. एकाचा खांदा गेल्या साली दुखावलेला, दुसरा जिंकला ते सगळं पडेल टीमांविरुद्ध. मग काकू बराच वेळ बोलत राहिल्या. वॉल्टरच्या बॅटमध्ये आता राम नाही, खरं आहे. पण आपले नवे फेकणारे घाबरले की तो उठून त्यांच्याजवळ जातो, पाठीवर हात ठेवतो, अन् पुढचा बॉल नीट पडतो. ते पेपरातल्या कोणत्या रकान्यात येते? टीम आता पाचवी आहे, येत्या सालाचं पाहायचं तर एक तरणा घ्यावा, त्याला मी नाही म्हणत नाही. पण दुखऱ्या खांद्याचा कशाला? अन् ऑप्शन त्या लोकांच्या हाती गेलं, तर म्हातारा ऑक्टोबरात ना इकडचा ना तिकडचा.

"पण आई, इथं एक गंमत लिहिलीय," प्रतिमा म्हणाली. "दहा वर्षं खेळलेला आणि शेवटची पाच एकाच टीमकडं असलेला माणूस असेल, तर त्याला विचारल्याशिवाय पाठवता येत नाही. वॉल्टर म्हणालाय, बायकोशी बोलून सांगतो."

काकूंचा हात थांबला.

"त्याले इचारतात?"

"हो. नियमच आहे."

"चांगला हाये नियम," काकू म्हणाल्या, आणि पदरानं नाक पुसलं. मिरचीचं झालं म्हणावं, तर भरलेल्या मिरचीचा ठसका येत नाही.

प्रतिमानं पेपराची घडी केली, पुन्हा उलगडली. "मलाही नाही विचारलं कुणी," ती म्हणाली. "विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं."

काकूंनी तिच्याकडं पाहिलं. या पोरीनं पाच वर्षांत त्यांच्या भाजीत तिखट जास्त, हे सोडून दुसरं कधी काही म्हटलं नव्हतं.

साडेपाचला गिरीश आला. प्रतिमानं त्याला बूटसुद्धा काढू न देता पोर्चवर पाठवलं, वाटेत काय सांगायचं ते सांगून. तो आईजवळ खाली बसला, टायसकट.

"आई, कुमारकडं जाशील का? मी विचारायला हवं होतं."

"पाहतो," काकू म्हणाल्या. "बायकोशी बोललास का तू?"

"बोलली तीच."

काकू हसल्या. मग त्यांनी सांगितलं. विनीताकडं कोणी नाही, म्हणून जाईन. एकतीसला नाही, वीस ऑगस्टला. तोवर उत्तराची शाळा सुरू होईल. कुमारला म्हण, केबल लावून घे, तिकडं आपली टीम दिसली पाहिजे.

"अन् दिवाळीनंतर कुठं राहायचं ते मी ठरवीन. ते ऑप्शन माझं."

गिरीशनं मान डोलावली. मग त्यानं विचारलं, वॉल्टर जाईल का?

"त्याची बायको काय म्हणते त्यावर हाये," काकू म्हणाल्या. "सरक जरा, चादरीवर बसलास."

तो सरकला. ऊन पोर्चच्या कठड्यावर चढलं होतं. काकूंनी गुडघ्यावर हात दाबला, तोंड वाकडं करून उठल्या, आणि वाळत आलेल्या मिरच्या परातीत भरू लागल्या.