अंदमानला पासपोर्ट कशाला?

नोकरीत हाताळलेली बरीच प्रकरणे आता डोक्यात एकमेकांत मिसळली आहेत. हे प्रकरण मात्र वेगळे राहिले. त्यातली माणसे, त्यांचे बोलणे, सगळे काल घडल्यासारखे आठवते. नावे सांगणार नाही. त्या मुली आज आपापल्या नोकरीत, संसारात आहेत आणि त्यांना तिथे निवांत राहू द्यावे.

मी तेव्हा छत्रपती संभाजीनगरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. सकाळची हजेरी घेतली, ड्युट्या लावल्या, की ठाण्यात एक फेरी मारायची माझी सवय. पासपोर्ट पडताळणीच्या टेबलापाशी सहसा थांबत नसे. ठरावीक काम ते. पत्ता खरा आहे का, गुन्हा दाखल आहे का, एवढेच बघायचे. त्या दिवशी थांबलो, कारण एक बाई आमच्या महिला हवालदाराशी तावातावाने बोलत होत्या.

बाई मूळच्या फुलंब्रीकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. आता पुंडलिकनगरात भाड्याच्या खोलीत राहून चार घरी स्वयंपाक करायच्या. शेजारी नुकतीच पदवीधर झालेली त्यांची मुलगी बसली होती.

"साहेब, तुम्हीच सांगा यांना," बाई म्हणाल्या. "हिच्या दोघी मैतरणी आज सकाळीच गेल्या. हिचंच पासपोर्टापायी अडलंय."

"कुठे गेल्या?"

"अंदमानला. मोठ्या हाटेलात नोकरी लागली त्यान्ला."

"अंदमानला पासपोर्ट कशाला?"

उत्तर मुलीने दिले. "सर, एजंट म्हणले, बेट हाय ते. समुद्र ओलांडायचा म्हणल्यावर पासपोर्ट लागतोच."

मी स्वतः कुटुंबासह अंदमानला जाऊन आलो होतो. विमानतळावर आधार कार्ड दाखवले, बाकी कुणी काही विचारले नाही. तिथल्या आदिवासींच्या राखीव भागात जायला परवानगी लागते, लक्षद्वीपला जायचे तर आधी प्रवेश परवाना काढावा लागतो. पण आपल्याच देशाच्या बेटावर जायला भारतीय माणसाकडे पासपोर्ट मागत नाहीत. मग हा एजंट या मुलींना नेमका कुठे नेत होता?

"मैत्रिणींना फोन लाव," मी मुलीला म्हणालो.

"लागत नाय, सर. सोबत गेलेल्या एजंटच्या मॅडमनी सकाळी माझ्यासमोरच फोन जमा केले. म्हणल्या, तिथलं सिम टाकून देते."

मुली रस्त्याने मुंबईला निघाल्या होत्या आणि संध्याकाळी विमान होते, यापलीकडे मायलेकींना काही ठाऊक नव्हते. स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि साध्या वेशातले दोन अंमलदार गारखेड्याला पाठवले. एजंटचे ऑफिस तिथे आहे, एवढे मुलीने सांगितले होते. तासाभरात तो माझ्यासमोर बसला होता.

कडक इस्त्रीचा शर्ट, तोंडात साखर. पासपोर्टाचा विषय काढताच हसला.

"साहेब, तुमचं म्हणणं एकदम दुरुस्त आहे. कायद्यानं लागत नाही. पण हॉटेलवाल्यांचा नियम आहे, ओळखीची खात्री पाहिजे म्हणतात. यात आपला काय गुन्हा?"

गुन्हा नव्हताच. पासपोर्ट मागितला म्हणून कुणाला अटक करता येत नाही, आणि हे त्याला पक्के माहीत होते. तिकिटे विचारली तर म्हणाला, मॅडमकडे. हॉटेलचे नाव विचारले तर लगेच एक नाव सांगितले. माझ्या प्रत्येक प्रश्नाची तयारी करून आला होता. अशी माणसे पोलिसांच्या प्रश्नांना घाबरत नाहीत. साध्या प्रश्नाला ती बेसावध असतात, हे मी बऱ्याच चौकशांत पाहिले होते. म्हणून मी मायलेकींना आत बोलावले.

"बाई, पोरीला पाठवायचं तर काय विचारायचं ते यांना विचारून घ्या."

बाई खुर्चीवर टेकल्या. जेवायला काय मिळतं, पोरी एका खोलीत किती, आजारी पडली तर कोण बघतं, असे विचारत गेल्या. एजंट मोकळा झाला. मावशी, मावशी करत उत्तरे देऊ लागला.

"आन् मी कामावरून आठला येते. तवा फोन केला तर चालंल का?"

"आठला नका करू, मावशी. तिथं तेव्हा साडेनऊ झालेले असतात. पोरी दमून झोपतात."

मी हातातले पेन खाली ठेवले.

"अंदमानात आपलंच घड्याळ चालतं," मी म्हणालो. "दीड तास पुढं कोणता देश आहे, तेवढं सांगा."

त्याने पाणी मागितले, ग्लास हातात घेतला, पण प्यायला नाही. मग देशाचे नाव सांगितले. तिथे बंद इमारतीत कोंडून लोकांना ऑनलाइन फसवायचे काम जबरदस्तीने करून घेतात आणि पोहोचल्याबरोबर पासपोर्ट काढून घेतात, हेही सांगितले. बाईंनी मुलीचा हात घट्ट धरला होता.

त्याच्याकडून विमानाचा तपशील मिळताच मी नियंत्रण कक्षामार्फत मुंबई विमानतळावरच्या इमिग्रेशन अधिकाऱ्यांना गाठले. त्यानंतर वाट पाहण्यापलीकडे हातात काही नव्हते. हवालदार बाईंनी मायलेकींसाठी चहा मागवला. तो तसाच निवला.

दिवस कलता कलता फोन आला. पलीकडचा अधिकारी म्हणाला, "दोघी माझ्यासमोर उभ्या आहेत. परदेशी विमानाच्या रांगेत होत्या. कुठं चाललात विचारलं, तर अंदमान म्हणतात. मधे विमान बदलायचं, असं सांगितलं होतं त्यांना. त्यांची ती मॅडम रांग सोडून सटकत होती. धरलीय."

मी फोनचा स्पीकर चालू केला. एका मुलीचा रडवेला आवाज आला, "हॅलो, आम्ही बऱ्या हाओत."

ठाण्यात एकच गलका झाला. अंमलदार एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. बाई लेकीला कवटाळून मोठ्याने रडत होत्या आणि मधेच हसतही होत्या.

आमचे पथक दुसऱ्या दिवशी मुलींना घेऊन आले. एजंटच्या ऑफिसच्या झडतीत आणखी बऱ्याच मुलामुलींचे पासपोर्ट सापडले. पंचनामा करून ते जप्त केले आणि पुढे न्यायालयाच्या आदेशाने ज्याचे त्याला परत दिले. तिन्ही मुलींनी न्यायालयात न अडखळता साक्ष दिली. उलटतपासणीत वकिलाने एकीला विचारले, "तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला अंदमान कुठं आहे हे माहीत नव्हतं?" ती म्हणाली, "अंदमान माहीत होतं. खोटं बोलणारा माणूस माहीत नव्हता. आता झाला." एजंट आणि ती मॅडम, दोघांना शिक्षा लागली.

आमच्या खात्याला गुन्हा घडून गेल्यावर पोहोचायची सवय असते. पंचनामा, फिर्याद, शोध, सगळे नुकसान होऊन गेल्यानंतरचे. त्या संध्याकाळी आम्ही आधी पोहोचलो, तेही एक साधा प्रश्न विचारला म्हणून. निवृत्त होईपर्यंत माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला मी सांगत राहिलो, की पडताळणीला आलेल्या माणसाला खुर्ची द्या आणि कुठे जाताय, कुणाबरोबर जाताय, हे विचारा. त्याला घाई असली तर आणखी थोडे विचारा.