डोलकाठीच्या तीन तारा

पाण्याला मी भिते. आजही भिते, आणि त्यात लाजायचं काय आहे? लहानपणी बेळगावजवळच्या आजोळी विहिरीच्या शेवटच्या पायरीवरून घसरले होते. धुणं धुणाऱ्या एका बाईनं वेणी धरून वर ओढलं म्हणून वाचले. उन्हाळ्याचे दिवस होते, पाणी मोठ्या माणसाच्या कमरेएवढं. पण नाकातोंडात पाणी गेल्यावर खोली कोण मोजतं? अशा बाईच्या नवऱ्यानं शिडाची होडी विकत घ्यावी, याला काय म्हणायचं!

आमचे हे पुण्याचे. बेंगळुरात विमानाच्या कारखान्यात तपासणी खात्यात होते. विमान तयार झालं की त्याच्या तारा, खिळे, पट्ट्या पुन्हा पुन्हा बघायच्या आणि सही करायची. यांची सही झाली की विमान आकाशात. साठ सालाच्या पुढेमागे आम्ही हलसूरला, तळ्यामागच्या गल्लीत राहत होतो. लष्करातले आणि कारखान्यातले हौशी लोक रविवारी तळ्यावर शिडाच्या होड्या चालवायचे. विलायतेला परत निघालेल्या कुणा साहेबानं आपली जुनी लाकडी होडी काढून टाकली, ती यांनी घेतली. मला कळलं ते सगळं झाल्यावर. वर म्हणतात कसे, "चालवायला दोघं लागतात, लेकीला घेतो बरोबर." लेक दहा वर्षांची. ती तर लगेच नाचायलाच लागली.

 माझी भीती तोंडावर दिसली असणार, कारण हे समजूत घालायला बसले. "अगं, घाबरतेस काय अशी? डोलकाठी काय नुसती उभी नसते. तीन तारांनी ताणून धरलेली असते. एक पुढून, दोन बाजूंनी."

"आणि एखादी तुटली तर?"

खोटं बोलणं यांच्या स्वभावातच नव्हतं. म्हणाले, "तर काठी आडवी होते. शिडासकट."

झालं! धीर द्यायला बसले आणि मला कळलं काय, तर माझ्या पोरीचा जीव तीन तारांवर टांगलेला आहे. त्याही जुन्या. त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

तारा बदलायच्या ठरल्या तेव्हा मला आधी बरंच वाटलं. मग डोलकाठी घरी आली. अय्यो, तो अवतार काय सांगू! घर दोन खोल्यांचं, काठी त्याहून लांब. एक टोक चुलीपाशी, दुसरं खिडकीतून गल्लीत. महिनाभर ती ओलांडतच मी स्वयंपाक केला. हळदीकुंकवाला आलेल्या बायका काठी ओलांडून आत येत आणि पदर तोंडाला लावून हसत. शेजारची अक्का तर म्हणाली, "तुझं घर आता पाण्यात सोडायचं का गं?" मी हसले, पण वरवर. असलं काही कुणी थट्टेत बोललेलंसुद्धा मला सोसत नसे.

नवी तार विमानाला लावतात तसली होती. केसासारख्या बारीक तारा एकत्र पिळलेल्या, न गंजणारी, चकचकीत. बाजूच्या दोन जुन्या तारा तर हातात घेतल्याबरोबर कडाकडा मोडल्या.  या भरवशावर पोर तीन रविवार पाण्यात जाऊन आली होती! पुढची जुनी तार मात्र धडधाकट होती.

मी म्हटलं, "ही राहू द्या की."

"छे, तिन्ही सारख्या हव्यात."

पुणेरी माणूस, पुढे बोलायची सोय नाही. मी ती तार मागच्या अंगणात धुणं वाळत घालायला बांधली. ओल्या गोधड्या टाकल्या तरी ती जागची हलत नसे.

नव्या तारा बसवून झाल्यावर हे म्हणाले, "तुझा वातींचा कापूस दे जरा."

"देवाचा कापूस? कशाला?"

"दे तर."

यांनी कापसाचा बोळा चिमटीत धरला आणि तारेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू हळू फिरवला. म्हणाले, "यातली एक जरी बारीक तार तुटली असली ना, तर डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही, पण कापूस तिथं अडकतो. कारखान्यात आम्ही असंच बघतो." कापूस सुळकन पार गेला. मी दुसऱ्यांदा फिरवायला लावला. मग माझ्या हातानं फिरवला.

त्या दिवसापासून दर रविवारी मी कापूस घेऊन तळ्यावर जायला लागले. डोलकाठी शेडमध्ये भिंतीशी आडवी ठेवलेली असायची, तिला उभी करायच्या आधी मी तिन्ही तारांवरून कापूस फिरवायची. हे हसायचे, "आल्या इन्स्पेक्टरीणबाई!" लेकही हसायची. हसा म्हटलं, खुशाल हसा. मी मोटारीच्या टायरची जुनी ट्यूबही फुगवून होडीत टाकली होती. मग होडी जाई आणि मी पायरीवर पाठ करून बसे. शिडाची फडफड ऐकू आली की जिवाचं पाणी पाणी व्हायचं.

यांची आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. महिन्यातून एखाद्या दिवशी यांचा डबा कारखान्यातून जसाच्या तसा परत यायचा. पोळ्यांची घडीसुद्धा मोडलेली नसे. पहाटे उठून केलेला डबा असा परत आला की माझं डोकंच फिरायचं.

"काय कमी होतं आज भाजीत?"

"काही नाही. आज उड्डाण होतं."

"उड्डाण पायलटचं आणि उपास तुमचा? हे कुठलं व्रत?"

यावर हे हात धुऊन मुकाट पाटावर बसायचे. आणि मी ताट आपटायची. वाटायचं, पुण्याच्या जिभेला माझा बेळगावी तिखटपणा रुचत नाही, एवढंच.

दसऱ्याच्या सुट्टीत तळ्यावर होड्यांची शर्यत ठरली. लेक वर्षभर तेच घोकत होती. त्या दिवशी वारा सकाळपासूनच भणाणत होता. मी थालीपिठांचा डबा घेऊन गेले, बरोबर कापूस. बाजूची पहिली तार झाली, दुसरी झाली. पुढच्या तारेवर वरच्या टोकाजवळ कापूस अडकला.

मी हात मागे घेतला. तारेवर पांढरा धागा तसाच लोंबत राहिला.  यांनी बोट लावून बघितलं, भिंग काढून बघितलं. दर रविवारी काठी आडवी करताना तार तिथंच वाकत होती, तिथंच एक केस तुटला होता. एकच.

"आजचा दिवस निघेल," हे म्हणाले. "उद्या बदलू."

"विमान असतं तर केली असती सही?"

"अगं, विमान आकाशात असतं. इथं पाणी केवढं? माझ्या गळ्याएवढंसुद्धा नाही."

"आणि माझ्या विहिरीत केवढं होतं?" मी किती मोठ्यांदा ओरडले ते मला नंतर लोकांनी सांगितलं. शेडमधले सगळे वळून बघायला लागले होते. "पोरीला मी पाठवणार नाही. नको म्हटलं ना, बेडा म्हणजे बेडा!"

हे माझ्याकडे बघत राहिले. मग खाली बसून ती तार सोडवायला लागले. लेक भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. रडण्याचा आवाज नाही, नुसती पाठ हलत होती. मी जिंकले होते. आता गप्प बसायचं, डबा उचलायचा आणि घरी जायचं, एवढंच उरलं होतं. पण ती पाठ मला बघवेना.

"धुण्याची तार आणू?" मीच म्हटलं.

घर पाचच मिनिटांवर. मी धावत गेले, ओलं धुणं तसंच दगडावर टाकलं, तार सोडली आणि धावत परत आले. यांनी पुसून कापूस फिरवला. मग मी फिरवला. पुन्हा फिरवला. कापूस कुठंही अडकला नाही. तार जिथली तिथं बरोबर बसली. तिची जागाच होती ती.

काठी उभी राहिली. लेक होडीत जाऊन बसली. हे मात्र दोर हातात धरून उभेच राहिले आणि मला म्हणाले, "सोडू?"

थट्टा नव्हती. कारखान्यात यांना कुणी तरी असंच विचारत असणार.  आतापर्यंत मी नको म्हणत होते, ते किती सोपं होतं! आता हो म्हणायचं होतं. तार मी आणलेली, कापूस मी फिरवलेला. काही झालं तर माझ्या शब्दावर झालं असतं. मी वाऱ्याकडे बघितलं, पोरीच्या दोन वेण्यांकडे बघितलं.

"सरी," म्हटलं. "सोडा."

त्या दिवशी मी पाठ केली नाही. पापणीसुद्धा हलवायची भीती वाटत होती. होडी तळ्याच्या मध्यावर गेली तेव्हा वारा असा काही आला की शीड पाण्याला टेकेल की काय असं झालं, आणि काठी करकरली ती मला काठावर ऐकू आली. मी पायरीची कड घट्ट धरली. देवाचं नावसुद्धा आठवेना. डोळ्यापुढे फक्त ते तारेचं वरचं टोक. पुन्हा एकदा बघायला हवं होतं का? उजेडात नीट बघितलं होतं ना? होडी सावकाश सरळ झाली, पलीकडच्या झाडांआड गेली, आणि मग किती तरी वेळ नुसतं पाणी.

परत आली तेव्हा ती सगळ्यांच्या मागे होती. लेक नखशिखांत भिजलेली, दात वाजत होते आणि हसत होती. "आई, आम्ही शेवटचे आलो!" म्हणत मला येऊन बिलगली. मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिला सोडलंच नाही.

हे पायरीवर बसले आणि डबा उघडला. थालीपिठं जशीच्या तशी होती.

"तू खाल्लं नाहीस?"

मी मान हलवली. यांनी डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आमच्या लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती. एक थालीपीठ मोडून निम्मं माझ्या हातावर ठेवलं, आणि दोघं खात बसलो.

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी यांचा डबा पुन्हा भरलेला परत आला. मी झाकण उघडून बघितलं, लावलं आणि पाट मांडला.

"विमान उतरलं?" मी विचारलं.

"उतरलं," हे म्हणाले.

"मग वाढते."