तिसऱ्या पायरीवरचा श्वास

पाण्याच्या टाक्या धुण्याच्या कामात मी मुकादम होतो. सोसायट्यांच्या पार्किंगखाली असतात त्या टाक्या, लोखंडी झाकणाच्या. वर गाड्या उभ्या, खाली सगळ्या बिऱ्हाडांचं पिण्याचं पाणी. पुण्यात बंगले पाडून सोसायट्या उठायला लागल्या तेव्हा आमच्या मालकाने हे काम धरलं आणि मला मुकादम केलं. त्याआधी वीस-बावीस वर्षं मी त्याच्याकडेच संडास धुतले, अॅसिडने. शाळा दुसरीपर्यंत झालेली. तरी मुकादमी मला मिळाली, कारण माझ्यासारखं नाक कुणाचं नव्हतं. झाकण उघडलं की आत उंदीर मेलाय की नुसतं शेवाळं आहे, हे मी उभ्याउभ्या सांगायचो.

आमच्यात पद्धत अशी होती. टाकी उपसून झाली की मुकादम शिडीच्या तीन पायऱ्या उतरणार, छाती भरून श्वास घेणार, वर येणार आणि म्हणणार, "या." मग बाकीचे उतरणार. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण मोडत कुणी नव्हतं. मालकाने कमरेचे पट्टे आणले होते, दोर आणले होते, तोंडाला लावायच्या मास्कची एक पेटीही आणली होती. ती टेम्पोत सीटखाली पडलेली असायची. मी म्हणायचो, मी असताना हा पसारा कशाला.

आणि मग माझं नाक गेलं.

एकदम नाही गेलं. आधी अगरबत्तीचा वास येईनासा झाला, मग फोडणीचा. एके दिवशी मी स्वयंपाकघरातच चहा पीत बसलो होतो आणि माझ्यापासून दोन हातांवर दूध करपून पातेलं काळं झालं. बायको बाहेरून धावत आली. म्हणाली, इथे बसून तुम्हाला कळलं नाही? मी म्हणालो, सर्दी आहे. तिने गॅस बंद केला, पातेलं घासायला घेतलं आणि पाठमोरीच म्हणाली, "अहो, वर्षभर सर्दी आहे तुम्हाला."

मालकांना सांगा, असं तिने पुढे बऱ्याचदा सांगितलं. मी ऐकलं नाही. सांगितलं असतं तर मुकादमी गेली असती आणि उतारवयात पुन्हा हातात संडासाचा ब्रश आला असता. चार माणसं माझ्या एका शब्दावर टाकीत उतरत होती. ते मला सोडवत नव्हतं. दुसरं काही माझ्याजवळ नव्हतंच.

मी युक्ती काढली होती. खराब वाफ असली की डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. तेवढ्यावर मी "या" म्हणायचो. तीन वर्षं निभलं. निभलं म्हणजे काय, काही झालं नाही इतकंच.

बिबवेवाडीतल्या त्या सोसायटीत आम्ही तिघंच गेलो होतो. मी, पंपवाला आणि धायरीची बाई. पंपवाला भवानी पेठेतला, पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातलं मुसलमान घर त्याचं, बोलायचा कमी. मला उस्ताद म्हणायचा, कधी मानाने, कधी टोमणा म्हणून. धायरीची बाई विधवा, दोन मुलींची आई. पहाटे बसने स्वारगेटला यायची आणि तिथून आमच्या टेम्पोत बसायची. मला मामा म्हणायची.

सेक्रेटरींच्या घरी संध्याकाळी बारसं होतं आणि बारा वाजता पाण्याचा टँकर येणार होता. भिंतींवर पांढरा क्षार चढलेला, तो अॅसिडशिवाय सुटेना. अॅसिड मारल्यावर टाकी तीनदा धुवायची, पाणी पूर्ण उपसायचं आणि मगच ब्लिचिंग पावडरचं पाणी ओतायचं, हा नियम. अॅसिड आणि ब्लिचिंग एकत्र आलं की विषारी वाफ उठते, हे आमच्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. पण माझी जुनी खोड होती. नाक चांगलं होतं तेव्हा मी एकदाच धुऊन भागवायचो, कारण काही उरलं असेल तर मला वास येणारच होता. नाक गेलं, खोड राहिली.

एकदा धुऊन झाल्यावर मी पंप बंद करायला सांगितला, तर पंपवाला ऐकेना. म्हणाला, उस्ताद, अजून दोनदा धुवायचंय, कोपऱ्यात पाणी आहे. मी त्याला म्हणालो, तू पंप बघ, टाकी मी बघतो. सेक्रेटरी घड्याळ बघत शेजारीच उभे होते. त्यांच्यासमोर मला कुणी शिकवलेलं खपलं नाही.

ब्लिचिंगचं पाणी वरून ओतलं. थोड्या वेळाने मी तीन पायऱ्या उतरलो. श्वास घेतला. डोळे जरासे चुरचुरले. सकाळपासून अॅसिडवर वाकलो होतो, त्याचंच असेल, असं मी मनाला सांगितलं. वर आलो आणि "या" म्हणालो.

बाई खराटा घेऊन झाकणाशी आली, वाकली आणि थांबली.

"मामा, कसला तरी उग्र वास हाय."

"मुकादम कोण आहे इथे?"

 ती टेम्पोतून पट्टा आणून कमरेला बांधायला लागली. तो ती दरवेळी बांधायची, आणि मी दरवेळी बोलायचो. त्या दिवशीही बोललो, "म्हशीसारखी दावणीला बांधून घेतेस काय?"

"म्हस पाण्यात पडली तर वर काढाया दावं लागतंच की, मामा," ती म्हणाली आणि दोराचं टोक माझ्या हातात न देता पंपवाल्याच्या हातात दिलं.

आत गेली. दोन-तीनदा खोकल्याचा आवाज आला, मग खराटा पडल्याचा, मग काहीच नाही. पंपवाला ओढायला लागला. मीही दोर धरला. वर आली तेव्हा डोळे लाल, ओठ निळसर, तोंडाला फेस. टेम्पोत घालून दवाखान्यात नेली. सेक्रेटरी विचारत होते, टँकरचं काय करायचं.

ती वाचली. चौथ्या दिवशी मी भेटायला गेलो. थोरली मुलगी उशाशी बसली होती, माझ्याकडे बघत नव्हती. बाईच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता.  ती सावकाश म्हणाली, "मामा, तुमास्नी वास येतच न्हाई ना?"

मी म्हणालो, सर्दी झाली होती. तिने मान वळवली.

दुसऱ्या दिवशी मालकाने ऑफिसात बोलावलं. सोसायटीला द्यायचा कागद तयार होता, मुकादम म्हणून माझी सही हवी होती. मी वाचून सही करतो म्हणालो. जोडाक्षरं मला अजूनही अडतात, त्यामुळे बोट ठेवून, ओठ हलवत वाचत बसलो. मालक कंटाळून खिडकीशी गेला. कागदात लिहिलं होतं की संबंधित महिला कामगार मुकादमाची परवानगी न घेता टाकीत उतरली. परवानगी हा शब्द मी दोनदा वाचला.

सही केली असती तर मी मुकादम राहिलो असतो. कुणी विचारलंही नसतं. बाई कामावरून गेली असती, तिला वर दोषही लागला असता. पंपवाल्याला विचारणार कोण? तरी हात पुढे होईना. चांगुलपणा नव्हता तो. मी "या" म्हणालो होतो, आणि माझ्या शब्दावर कुणी उतरलंच नाही असं त्या कागदात होतं. ते मला सहन झालं नाही.

मी म्हणालो, "तिला मी उतरवलं. तिला वास आला होता, मला आला नाही. मला तीन वर्षं कसलाच वास येत नाही."

मालक खिडकीतून परत आला, खुर्चीत बसला. ओरडेल असं वाटलं होतं. तो नुसताच म्हणाला, "मग इतकी माणसं तुम्ही कशाच्या भरवशावर आत सोडत होतात?"

 

कागद बदलला. मुकादमी गेली. काढून टाकलं नाही, दोर धरायला ठेवलं. मास्कची पेटी सीटखालून बाहेर निघाली आणि तीन वेळा धुण्याचा नियम मालकाने टेम्पोच्या दारावर रंगवून घेतला.

बाई चार महिन्यांनी आली. टाकीत उतरण्याजोगी तिची छाती राहिली नव्हती, जिना चढतानाही मध्ये थांबायची. पण नाक शाबूत होतं. मालकाने तिला मुकादम केलं. पहिल्या दिवशी मी काय बोलतो इकडे सगळ्यांचे कान होते.  मी पट्टे मोजून काढले आणि ज्याचे त्याला दिले.

तिने झाकणाशी गुडघे टेकले, पदर खांद्यावर सारला, वाकून वास घेतला. आमची तिसरी पायरी तिने त्याच दिवशी बंद केली.

"थांबा," ती म्हणाली.

पंपवाल्याने पुन्हा पाणी सोडलं. सोसायटीचा माणूस किती वेळ लागेल म्हणून विचारायला आला. ती त्याला म्हणाली, लागंल तेवढा. मी दोर हाताला गुंडाळून भिंतीला टेकून बसलो. उन्हं पार्किंगमध्ये आत आली. तिने पुन्हा वाकून बघितलं आणि पुन्हा हात वर करून थांबवलं. मला कसलाच वास येत नव्हता. मी बसून राहिलो.