बहिणीच्या नावापुढे मी लिहिलेला शब्द

“हिचे हात धुऊन आणा, मॅडम. मशीन घेत नाहीये.”

नागपूरचं व्हिसा केंद्र. काउंटरपलीकडची मुलगी माझ्याशी बोलत होती. हात माझ्या थोरल्या बहिणीचे होते. ती तिथंच, समोर उभी होती. तिला कुणी काही सांगितलं नाही.

मी तिला नळापाशी नेलं. साबण लावून चोळलं. कापूस वेचून, निंदण करून तिच्या बोटांवरच्या रेषाच झिजल्यात. धुऊन त्या कुठून येणार? परत आलो. मशीनवर पुन्हा लाल दिवा.

“कामवाल्या बायांचं असंच असतं,” मुलगी हसली. “मेडला जर्मनीला नेताय. लकी आहे ही.”

नातवंडांनो, तो शब्द मीच पुरवला होता.

तुमच्याकडे पंधरा दिवस यायचं म्हणून दोघींचे अर्ज मी भरले. इंग्रजी शिकवण्यात माझा जन्म गेला. कागद कसे नीट लावावेत, हे मला कुणी शिकवायला नको. बहिणीच्या नावावर शेत नाही, तिला सही येत नाही. तिला कोण व्हिसा देणार, असा विचार करून मी पत्रात लिहिलं, सोबत येणारी बाई माझी मेड आहे. विचार अर्धाच होता. उरलेली लाज होती. फुलसावंगीजवळच्या आमच्या बंजारा तांड्यावरून निघताना मी तिला बजावलंही होतं, “तिथं आपली बोली काढू नको.”

“कामाचं पत्र लागेल,” मुलगी म्हणाली. “किती वर्षं तुमच्याकडे आहे ते लिहा, सही करा.”

तेव्हा बहिणीने मला हळूच विचारलं, मराठीतच, “मी तुह्यापाशी कामाले आहो का वं?”

आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती.

तुमच्या आईला हिनं वाढवलं. मी घाटंजीला नोकरीवर, आणि ही माझ्या लेकीला पाठीशी बांधून कापसात. तुमची आई अजून हिला याडी म्हणते. आमच्या बोलीत याडी म्हणजे आई. मला ती मम्मी म्हणते.

पेन माझ्या हातात होतं. एक सही, की काम झालं असतं.

मी माझं आधीचं पत्र काउंटरवरून ओढलं आणि फाडलं. “ही माझी सख्खी बहीण आहे. तिला काय सांगायचं ते तिच्याकडे बघून सांगा.”

“मॅडम, अशानं अर्ज रिजेक्ट होईल.”

“होऊ द्या.”

कोऱ्या कागदावर मी नातं लिहिलं. बोटांचे ठसे कसेबसे चौथ्यांदा उमटले.

माझा व्हिसा आला. तिचा नाकारला.

ती म्हणाली, “तू जाय ना. मी कायले पाहिजे? लेकीले सांगजो, याडीचे गुडघे दुखून राह्यले.”

लेकीसमोरच्या लाजेतून तिला मला वाचवायचं होतं. तिचे गुडघे माझ्यापेक्षा धड आहेत.

म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या आईला आधी वाचून दाखवा. तिच्या याडीला मी नोकर लिहिलं होतं. कुणी लिहायला लावलं नव्हतं, मी लिहिलं. बहिणीने त्यावर मला पुन्हा एका शब्दानं विचारलेलं नाही. माफही केलेलं नाही, आणि मी माफी मागितलेली नाही.

मी येणार नाही. पुन्हा अर्ज करू, बहीण म्हणूनच. नाकारला तर परत करू. ती सोबत नसेल तर तुमच्या दारात मी पाय ठेवणार नाही.